उद्यमबागेतल्या तीन फळ्या

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांना आणि मशीन शॉपना परदेशातून यंत्रं येतात ती लाकडी खोक्यांत. यंत्र बाहेर निघालं की खोकं भंगारात जातं आणि भंगारातून फर्निचरवाल्याकडे. बेळगावात ‘पाइनवुड’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच काही असं खोक्यातून सुटलेलं असतं. गिऱ्हाइकाला हे कुणी आपणहून सांगत नाही. लाकूड बरं असतं आणि सागवानाच्या मानानं खूप स्वस्त पडतं, त्यामुळे कुणी विचारतही नाही.

हे प्रकरण अशाच एका वर्कशॉपमधलं. मालक माझा जुना विद्यार्थी. मी त्याला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं होतं. मेस्त्री नंदगडकडचे, सागवान आणि शिसमावर हात बसलेले. शहापुरातल्या एका घरी दिलेला पलंग महिन्याभरात परत आला होता. बाजूची पट्टी डोक्याकडच्या खांबाला जिथं स्क्रूनं धरली होती तिथून सुटली होती. स्क्रू वाकला नव्हता, तुटलाही नव्हता. तो लाकडातून सरळ बाहेर आला होता आणि त्याच्या आट्यांत भुसा भरला होता.

“पहिल्याचं पाइन असं नव्हतं की ओ सर,” मेस्त्री म्हणाले. “हे आताचं स्क्रूच धरंना झालंय.”

मालकाकडे उत्तर तयार होतं. जग तापतंय, थंड देशातली झाडं भराभर वाढायला लागलीत, म्हणून लाकूड पोकळ यायला लागलंय, असं त्यानं मोबाइलवर कुठंतरी ऐकलं होतं. त्याला माझ्याकडून फक्त होकार हवा होता. तो मिळाला असता तर पुढं गिऱ्हाइकाला सांगायला एक कारण हाताशी आलं असतं, आणि खोक्यांचं लाकूड घेणं बंद करून प्लायवूडकडे वळायचं त्याच्या मनात होतं, तेही पक्कं झालं असतं. म्हणजे प्रश्न गप्पांचा नव्हता, धंद्याचा होता.

त्याचा तर्क वेडगळ म्हणून सोडून द्यावा असाही नव्हता. थंडीनं वाढ अडलेल्या प्रदेशात ऊब वाढली, वर हवेत कार्बन डायऑक्साइडही वाढला, तर झाडं जोमानं वाढतील ही अपेक्षा शास्त्रज्ञांचीही होती.

थप्पीतून तीन फळ्या काढल्या. निवड मेस्त्रींची: एक त्यांच्या मते ‘चांगली’, एक ‘पोकळ’ आणि एक ‘सडकी’. तिन्हींची टोकं बारीक दाताच्या करवतीनं कापली, पटाशीनं तासून गुळगुळीत केली आणि ओल्या फडक्यानं पुसली. लाकडाची वलयं बघायची तर ती टोकावर, ओल्या अंगावर बघावीत. कोरड्या फळीवर अर्धी दिसतच नाहीत.

‘चांगल्या’ फळीच्या दहा सेंटिमीटर रुंदीत सत्तरच्या आसपास वलयं भरली. फिकट पट्टा, गडद रेघ, पुन्हा फिकट पट्टा, गडद रेघ, अशी दाट की भिंगाशिवाय बोट चुकत होतं. ‘पोकळ’ फळीच्या तेवढ्याच रुंदीत दहासुद्धा नव्हती. एकेक वलय सेंटिमीटरभराहून जास्त, आणि त्यातला बहुतेक भाग फिकट. त्या फिकट भागात नख सहज रुतत होतं. ‘सडक्या’ फळीची वलयं मधली, दोन-तीन मिलिमीटरची. पण तिच्या एका कडेनं राखाडी-निळसर पट्टे पाचरीसारखे आत शिरले होते. त्याच कडेला सालीखालचा मूळ गोल भाग थोडा शिल्लक होता. तिथली शेवटची तीन-चार वलयं एकाएकी इतकी चिंचोळी झाली होती की ती एकमेकांत मिसळल्यासारखी वाटत. त्या गोल भागावर बोट फिरवलं तर पुसट खाचा लागत होत्या. एक उभी, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक आडव्या.

आता शिक्के. लाकडी पॅकिंगमधून झाडांचे किडे-रोग एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, ‘आयएसपीएम १५’. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग निदान ३० मिनिटं तापवायचं किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यायची, आणि तसा शिक्का मारायचा. शिक्क्यात गव्हाच्या लोंबीचं चित्र असतं, शेजारी देशाची दोन अक्षरं, मग उत्पादकाचा क्रमांक आणि उपचाराची खूण. तापवलेलं असेल तर एचटी, धुरी दिलेली असेल तर एमबी. वर्कशॉपमध्ये हे शिक्के रोज येत होते आणि रोज रंध्याखाली जात होते. लाकूड साफ करायचं म्हणजे पहिल्यांदा शिक्का घालवायचा, अशीच रीत होती.

थप्पीतल्या रंधा न मारलेल्या फळ्यांवर शिक्के सापडले. दाट वलयांच्या गठ्ठ्यावर एफआय, म्हणजे फिनलंड. रुंद वलयांच्या गठ्ठ्यावर एनझेड, न्यूझीलंड. निळ्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर डीई, म्हणजे जर्मनी. इथं थोडं जपून बोलावं लागतं, कारण शिक्का सांगतो तो उपचार झाल्याचा देश. झाड शेजारच्या देशात वाढलेलं असू शकतं. पण न्यूझीलंडचा शेजार म्हणजे समुद्र, आणि तिथली लागवड बहुतांश एकाच झाडाची, त्यामुळे दुसऱ्या फळीबद्दल फारशी शंका उरत नव्हती.

ते झाड म्हणजे रेडिएटा पाइन. मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं, न्यूझीलंडमध्ये लाखो हेक्टरांवर शेतासारखं लावलेलं. पाऊस भरपूर, हिवाळा सौम्य, रोपं निवडक. साधारण तीस वर्षांच्या आत ते तोडणीला येतं. सूचिपर्णी झाडाची पहिली दहा-पंधरा वर्षं खोडाच्या मध्याभोवती जे लाकूड तयार होतं ते कोवळं असतं. त्याच्या पेशींच्या भिंती पातळ, घनता कमी, आणि वाळताना ते जास्त वाकतं. झाड तिशीच्या आत तोडलं की फळीत या कोवळ्या भागाचा वाटा मोठा राहतो. मेस्त्रींची ‘पोकळ’ फळी तीच होती. तिची वलयं रुंद होती ती लागवडीच्या पद्धतीमुळे. शिवाय हे झाड वाढलेलं दक्षिण गोलार्धात. उत्तरेच्या थंड जंगलांत काय चाललंय याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

परत आलेल्या पलंगाची पट्टी तासून बघितली, तर तिचीही वलयं अशीच रुंद निघाली. शिवाय स्क्रू फळीच्या टोकात, म्हणजे धाग्यांच्या दिशेनं आत घातला होता. असा स्क्रू कुठल्याच पाइनमध्ये नीट धरत नाही, कारण आटे धागे आडवे कापतात आणि त्यांचे आखूड तुकडे ओढीसरशी सुटून येतात. सागवानात हे खपून जातं. मेस्त्रींना हे ऐकून बरं वाटलं नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसती पट्टी उचलून बाजूला ठेवली.

वर्कशॉपची तक्रार इथं निकालात निघाली होती. पण मालक हटेना. न्यूझीलंडचं सोडा, म्हणाला, फिनलंड तर उत्तरेलाच आहे ना? तिथली झाडं आता भराभर वाढत असतील तर उद्या ही चांगली फळीही अशीच फुसकी येईल. माझ्या मते या प्रकरणातला खरा प्रश्न हाच होता.

फिनलंड म्हणजे साठाव्या अक्षांशाच्या वरचा मुलूख. तिथून रशिया, सायबेरिया, आणि समुद्रापलीकडे अलास्का-कॅनडा असा जो स्प्रूस, पाइन, फर, लार्च या सूचिपर्णी झाडांचा पट्टा पृथ्वीला वेढून आहे त्याला तैगा किंवा बोरियल जंगल म्हणतात. जगातल्या एकूण वनक्षेत्राचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग तिथं आहे. तिथल्या झाडाला लाकूड तयार करायला वर्षातले दोन-तीन महिने मिळतात. सालीच्या आत कँबियम नावाचा पेशींचा पातळ थर असतो, नवीन लाकूड तो घडवतो. तापमान पाच अंशांच्या आसपास उतरलं की त्याचं काम जवळपास थांबतं. पानं त्याहून थंड हवेतही थोडंफार अन्न बनवतात, पण ते वापरून लाकूड घडवणारा कारागीर थंडीनं गारठलेला असतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पातळ भिंतीच्या मोठ्या पेशी तयार होतात, तो फिकट पट्टा. उन्हाळा सरताना जाड भिंतीच्या लहान पेशी तयार होतात, ती गडद रेघ. उन्हाळा उबदार गेला तर वलय रुंद आणि गडद रेघ घट्ट. थंड गेला तर दोन्ही बेताचं. म्हणूनच उत्तरेच्या झाडांची वलयं मोजून, थर्मामीटर नव्हते त्या शतकांचं तापमान काढता येतं. वृक्षवलयशास्त्राची मोठी इमारत या एका नात्यावर उभी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नातं काही ठिकाणी बिघडलं. तापमान चढत गेलं, पण वलयांची रुंदी आणि घनता त्या प्रमाणात चढेना. १९९५ मध्ये जॅकोबी आणि डारिगो यांनी अलास्कातल्या झाडांवरून हे मांडलं. १९९८ मध्ये ब्रिफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धभरच्या नमुन्यांवरून तसंच दाखवलं. झाडं आणि थर्मामीटर यांची फारकत व्हायला लागली होती.

कारण समजून घ्यायला बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. बेळगाव शहराला वर्षाकाठी साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे गेलं की तो काही पटींनी वाढतो, आणि पूर्वेला अथणीकडे गेलं की निम्म्याच्या आसपास येतो. समजा एप्रिलमध्ये सगळ्या जिल्ह्याचं तापमान दोन अंशांनी जास्त राहिलं. कणकुंबीच्या ओढ्याकाठच्या झाडाला त्याचं फार काही वाटणार नाही. अथणीच्या माळावरचं झाड पानं मिटून बसेल. ऊन दोघांना सारखंच, पण कुणाला काय कमी आहे ते वेगळं. झाडाची वाढ जे सगळ्यात कमी पडतं त्याच्यावर अडते. थंडी हीच एकमेव अडचण असेल तोवर ऊब म्हणजे वाढ. थंडीची अडचण सरली की पुढची समोर येते, आणि उत्तरेच्या पुष्कळ जंगलांत ती पाण्याची आहे.

बर्फाच्या देशात पाण्याची टंचाई कशी, असं मालकानं विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं. अलास्काच्या आतल्या भागात फेअरबँक्स नावाचं गाव आहे. तिथं पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून वर्षाला ३०० मिलिमीटरसुद्धा पाणी होत नाही, म्हणजे अथणीपेक्षाही कमी. एरवी ते पुरतं, कारण थंड हवा पाणी फारसं शोषत नाही. पण हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पाऊस तेवढाच राहिला तर हवेची तहान वाढते, आणि ती भागते पानांतून आणि जमिनीतून. झाड पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही बंद होतो. हवेत तो कितीही वाढलेला असला तरी दार लावल्यावर आत येणार कुठून? बार्बर, जुडे आणि फिनी यांनी २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याच भागातल्या पांढऱ्या स्प्रूसचा अभ्यास छापला. उन्हाळा जितका उष्ण तितकं वलय अरुंद, हे त्यांना तिथं आढळलं. तापमानातून आलेल्या कोरडेपणाचा ताण, हे त्यांनी दिलेलं कारण.

त्यानंतरचा एक अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो, कारण त्यानं सरासरीच्या पोटात काय असतं ते उघडं केलं. विल्मकिंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अलास्काच्या दोन पर्वतरांगांतल्या १३ ठिकाणची १,५५८ पांढऱ्या स्प्रूसची झाडं तपासली. ही सगळी जंगलाच्या वरच्या सीमेवरची, म्हणजे उबेचा फायदा जिथं हमखास व्हावा अशा जागची. त्यातली सुमारे ४० टक्के झाडं उष्ण जुलैला मंदावत होती, आणि ३६ टक्के उबदार वसंताला जोमानं वाढत होती. एकाच डोंगरावरची, एकाच जातीची.

मेस्त्रींना यात काही नवल वाटलं नाही. “ओढ्याकाठचा सागवान आणि माळावरचा सागवान सारखा कुठं असतोय?” ते म्हणाले. वखारीत ओंडका बघताना ते आधी तो कुठल्या अंगाचा ते विचारतात, मग घेर बघतात.

सागवानाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक झाडांची वलयं धड दिसत नाहीत, कारण वाढ वर्षभर थोडीथोडी चालू असते. सागवान त्याला अपवाद. तो उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो आणि पावसाबरोबर मोठ्या छिद्रांची नवी ओळ टाकून सुरुवात करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागवानावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची वलयमालिका २०१० मध्ये छापली. त्या वलयांत थंडी-उबेपेक्षा पावसाची हकिकत आहे. अरुंद वलयं दुबळ्या मोसमी पावसाच्या आणि एल निनोच्या वर्षांशी जुळतात. फिनलंडचं झाड पूर्वी तापमानाची नोंद ठेवायचं, आपला सागवान पाण्याची ठेवत आला आहे. अलास्काचा स्प्रूस आता या दुसऱ्या पंगतीला येऊन बसतोय, इतकाच फरक.

मग एकंदरीत उत्तरेत वाढ होते आहे की घटते आहे? कॅनडाच्या बोरियल जंगलाबद्दल जिरार्डिन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अर्धशतकाच्या वलयांवरून सांगितलं की ऊब आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही वाढूनही एकूण वाढीला चालना मिळालेली दिसत नाही. काही भागात चढ, काही भागात उतार, बेरीज जवळपास जिथल्या तिथं. फिनलंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जंगलाची वाढ खरंच वाढली. त्यात दलदलीचे चर काढणं, विरळणी, तरुण झाडांचं प्रमाण यांचा मोठा हात आहे आणि बदललेल्या हवेचाही काही वाटा आहे. अलीकडे तिथं पाइनची वाढ पुन्हा मंदावलेली दिसते. अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तर भागात राइक आणि सहकाऱ्यांनी जंगलातच रोपांभोवती दिवे आणि मातीत तारा बसवून हवा-जमीन १.६ आणि ३.१ अंशांनी तापवली. २०२२ मध्ये आलेला निष्कर्ष असा की फर, स्प्रूस आणि पाइनची रोपं थोड्याशा तापमानवाढीनंही मागं पडली आणि मरण्याचं प्रमाण वाढलं, विशेषतः पाऊस कमी पडला तिथं. रुंद पानांचं मेपल पुढं सरसावलं, पण सुटलेली जागा भरून काढण्याइतकं मेपल त्या जंगलात सध्या नाही.

मालकाला मात्र एक गोष्ट अजून माझ्याकडून काढून घ्यायची होती, आणि ती त्याच्या बाजूची निघाली. मध्य युरोपात, म्हणजे जर्मनीच्या परिसरात, प्रेत्श आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जुन्या प्रयोगक्षेत्रांतली झाडं तपासून दाखवलं की झाडं पूर्वीपेक्षा वेगानं जाडजूड होतात, पण १९०० पासून लाकडाची घनता ८ ते १२ टक्क्यांनी उतरली आहे. स्प्रूस, पाइन, बीच, ओक, चारीही. “म्हणजे माझंच खरं होतं!” तो म्हणाला. अर्धं. ही उतरण शंभराहून जास्त वर्षांत झालेली, आणि तिच्यात उबेबरोबर लांबलेला हंगाम आहे, तसाच हवेतून जमिनीत उतरणाऱ्या नत्राचाही हात आहे. तीन वर्षांपूर्वीचं खोकं आणि यंदाचं खोकं यांच्यात मेस्त्रींच्या स्क्रूला जाणवावा इतका फरक ती करू शकत नाही. तो फरक दोन देशांचा आणि दोन प्रकारच्या जंगलांचा होता.

पण या आठ-बारा टक्क्यांना दुसरीकडे मोठं महत्त्व आहे. भंगारवाला खोक्यांचं लाकूड वजनावर देतो, घनफुटावर नाही. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे जंगलानं हवेतला किती कार्बन बांधून ठेवला हे विचारायचं तर घेर आणि उंची मोजून भागत नाही, वजन बघावं लागतं. झाडाला टेप लावणाऱ्याचा आकडा फुगतो आणि काट्यावर घालणाऱ्याचा तितका फुगत नाही. उत्तरेची जंगलं आपला धूर गिळून टाकतील या भरवशावर जे हिशेब मांडले जातात त्यांत टेप वापरला की काटा, हे एकदा बघून घ्यावं.

तिसरी फळी अजून तशीच पडली होती. मेस्त्री असल्या निळ्या फळ्या सडक्या म्हणून वेगळ्या काढत आणि कपाटाच्या पाठीला, नाहीतर सरपणाला घालवत. तिन्हींत तापलेल्या हवामानाची खूण असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटली ती याच फळीत.

युरोपात स्प्रूसच्या सालीखाली राहणारा एक भुंगेरा आहे, जेमतेम पाच मिलिमीटरचा. मादी सालीच्या आत उभं भुयार कोरून दोन्ही बाजूंना अंडी घालते, आणि अळ्या आडव्या वाटा पोखरत जातात. फळीवर बोटाला लागलेल्या खाचा या नक्षीशी जुळतात. धडधाकट स्प्रूस भुंगेरा शिरला की त्या भोकातून राळ सोडून त्याला बुडवतो, पण राळ सोडायला झाडात पाणी असावं लागतं. २०१८ ते २०२० ही मध्य युरोपात ओळीनं कोरडी आणि उष्ण वर्षं गेली. उष्णतेत या भुंगेऱ्याची पिढी लवकर पुरी होते, एकाच उन्हाळ्यात दोन, कधी तीनही पिढ्या निघतात. झाड दुबळं आणि किडा दुप्पट, असा दोन्हीकडून मार बसला. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात जर्मनीत सुमारे ५ लाख हेक्टरांवरची झाडं गेली, असं उपग्रहचित्रांवरून काढलेल्या मोजणीत आहे. मेलेली झाडं घाईनं तोडली गेली, बाजारात लाकडाचा पूर आला, भाव पडला. असलं लाकूड जातं कुठं, तर पॅलेट आणि खोक्यांत.

निळा रंग त्या भुंगेऱ्याबरोबर येणाऱ्या बुरशीचा. ती सालीजवळच्या ओल्या लाकडात पसरते आणि पेशींत साठलेल्या अन्नावर जगते, पेशींच्या भिंती खात नाही. त्यामुळे रंग जातो, ताकद फारशी जात नाही. हे मेस्त्रींना तोंडी सांगून पटणारं नव्हतं. निळ्या आणि पांढऱ्या तुकड्यात त्यांनी स्वतः एकेक स्क्रू घातला आणि पकडीनं ओढून बघितला. मग त्यांनी सरपणाच्या ढिगातून काही फळ्या परत आणल्या.

तरी ही फळी साक्षीला उभी करताना हात राखूनच बोलायला हवं. निळी बुरशी ओंडके उन्हापावसात पडून राहिले तरी येते, बोटीत दमट हवेनंही येते. नुसत्या निळ्या रंगावरून मी काहीच म्हटलं नसतं. पण कडेची एकाएकी आवळलेली वलयं, सालीखालच्या खाचा आणि निळे पट्टे ही तिन्ही एकाच फळीवर आहेत. त्यावरून इतकं म्हणता येतं की हे झाड शेवटची तीन-चार वर्षं वाढीला मोताद झालं होतं, बहुधा तहानेनं, आणि मग भुंगेऱ्याच्या तावडीत सापडलं. त्या कोरड्या वर्षांमागं तापलेलं हवामान किती, हा हिशेब एका फळीवरून होत नसतो.

उत्तर अमेरिकेत हेच वेगळ्या भुंगेऱ्यानं केलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनच्या सालीतल्या अळ्या पूर्वी कडक हिवाळ्यात, उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीत, मरून जात. हिवाळे सौम्य झाले तशी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांची संख्या बेसुमार वाढली आणि १.८ कोटी हेक्टरांच्या आसपास जंगलाला झळ पोचली. तिथल्या निळ्या लाकडाला व्यापाऱ्यांनी ‘डेनिम पाइन’ असं नाव देऊन विकून दाखवलं. हे ऐकल्यावर मालकाचे डोळे चमकले. पुढं २०२३ मध्ये कॅनडात एका मोसमात दीड कोटी हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. वलय मिलिमीटरभर रुंद झालं की अरुंद हा वाद अशा एका उन्हाळ्यापुढं किरकोळ ठरतो, असं माझं मत आहे. जंगलाचा जमाखर्च वाढीच्या बाजूनं जितका बदलेल त्याहून जास्त तो मरण्याच्या बाजूनं बदलतो आहे, आणि टीव्हीवर चर्चा मात्र वाढीचीच होते.

वर्कशॉपनं प्लायवूडचा विचार सोडला. फळी रंध्याला लावण्याआधी तिच्या मागच्या अंगाला देशाची अक्षरं पेन्सिलीनं लिहून ठेवायची असं ठरलं. एफआयच्या फळ्या पलंगाच्या आणि टेबलाच्या चौकटीला. एनझेडच्या खणांना आणि फडताळांना, आणि चौकटीत वापरायचीच वेळ आली तर टोकात स्क्रू न घालता नट-बोल्ट. डीईच्या निळ्या फळ्यांतून मालकानं पारदर्शक पॉलिश मारून एक टीपॉय केला आणि दुकानाच्या दर्शनी भागात ठेवला. मेस्त्रींना तो अजून विद्रूप वाटतो. टिळकवाडीतल्या एका तरुण जोडप्यानं मात्र लगेच उचलला. शहापूरचा पलंग पट्टी न बदलता, बोल्ट घालून परत पाठवला. गिऱ्हाइकाला जागतिक तापमानवाढीबद्दल काही सांगितलं नाही, स्क्रूची जागा चुकली होती एवढं सांगितलं.

फिनलंडची खोकी हा माणूस वेचून घेतो हे भंगारवाल्याच्याही लक्षात आलं, आणि त्यानं त्यांचा किलोचा दर वेगळा सांगायला सुरुवात केली.